सावडीतलं पहिलं घर

मोरवेळच्या लोकांना वादळाची भीती पिढ्यान् पिढ्या होती. तिची त्यांना सवय झाली होती. शेजाऱ्याची भीती मात्र नवी होती, आणि ती एका यंत्रानं आणली.

यंत्र म्हणायचं ते आपलं सवयीनं. डोळ्यांना दिसणारं असं त्यात फारसं काही नव्हतंच. शर्टाच्या बटणाएवढ्या करड्या चकत्या होत्या. त्या वाडीतल्या प्रत्येक छपराला, शेडला, गोठ्याला, माडाच्या बुंध्याला चिकटवल्या होत्या. बाकी सगळं पुण्याच्या एका संस्थेतल्या संगणकात होतं. चकत्या चिकटवत उन्हातून फिरली ती नूतन कुबल. नूतन वाडीच्या आपत्ती समितीची प्रमुख होती. घरी नवऱ्याबरोबर, सतीशबरोबर, ती पर्यटकांसाठी चार खोल्या चालवायची, आणि उरलेल्या वेळात गावाची कामं ओढवून घ्यायची. कुणाला नाही म्हणणं तिला जमत नसे आणि कुणी आपल्याला नावं ठेवलेली सहन होत नसत. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की ते माणूस हमखास समितीवर जातं.

संस्थेचे डॉक्टर इम्तियाज वाडेकर मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी रवळनाथाच्या देवळासमोरच्या सभामंडपात सगळ्यांना बसवून समजावलं. त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, ओठांशी धरली आणि तिच्यावरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी खाली जायच्या ऐवजी वर उचलली गेली.

"वारा छपराला ढकलत नाही, वर ओढतो," ते म्हणाले. "छपरावरून जोरात वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, घरातल्या हवेचा तेवढाच राहतो. कडेचा एक स्क्रू सैल असला की पत्र्याचा कोपरा उचलतो, मग पत्रा सुटतो. आता खरी गंमत ऐका. सुटलेला पत्रा पडतो कुठं? शेजारच्या घरावर. त्याची खिडकी फुटते, कौलं फुटतात. तिथून वारा आत शिरतो आणि आतून छप्पर वर ढकलायला लागतो. वरून ओढ, आतून रेटा. उलट्या झालेल्या छत्रीसारखं ते घर उघडतं, आणि त्याचे वासे, पत्रे पुढच्या घरावर जातात. आम्ही गेल्या वीस वर्षांतल्या वादळांचं नुकसान तपासलं. निम्म्याहून जास्त घरं वाऱ्यानं मोडलेलीच नाहीत. ती दुसऱ्या घराच्या तुकड्यांनी मोडली."

वाडीचे म्हातारे मानकरी आबा सारंग पुढे सरकून बसले.

"म्हंजे घर वारो मोडीत नाय, शेजारी मोडता?"

"तसंच काहीसं," वाडेकर हसले. पुढे काय होणार याची कल्पना असती तर ते हसले नसते.

चकत्या साध्या वाऱ्यात छप्पर कसं थरथरतं ते मोजायच्या. घट्ट छप्पर एका तऱ्हेनं थरथरतं, सैल छप्पर दुसऱ्या. त्यावरून संगणकात मोरवेळची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. तिच्यावर हजारो खोटी वादळं सोडायची, वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या जोरानं, आणि बघायचं की पहिल्यांदा कोण सुटतं आणि ते कुठवर जातं. यातून प्रत्येक घराला एक अंक मिळे. घर किती धोक्यात आहे, हे तो अंक सांगत नसे. त्या घरामुळे इतर किती घरं धोक्यात आहेत, हे तो सांगे. संस्थेनं त्याला 'प्रसारांक' असं भारदस्त नाव दिलं होतं. मोरवेळनं पहिल्याच दिवशी ते बदलून 'उपद्रव' केलं.

अंक ग्रामपंचायतीच्या पडद्यावर झळकले आणि वाडीत मजा सुरू झाली.

"तुमचो उपद्रव कितको?"

"आमचो चार. तुमचो?"

"एक! आमी गरीब माणसां. आमचा छप्पर उडान उडान खय जाताला?"

पण मजा फार टिकली नाही. आधी वादळात घर गेलं तर देवाचा कोप म्हणून माणूस कपाळाला हात लावून बसत असे आणि शेजारी सांत्वनाला येत असे. आता वादळ यायच्या आधीच कोण कुणाचं घर मोडणार आहे ते नावानिशी ठरलं होतं. दोन सख्खे चुलतभाऊ एका माडावरून हातघाईवर आले. एका घरानं शेजाऱ्याच्या गोठ्याबद्दल वकिलाची नोटीस पाठवली. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं आणि पाठोपाठ घराचा अंकही विचारला.

सगळ्यात मोठा अंक निघाला शैलजा कुबलचा. शैलजा नूतनची थोरली जाऊ. एकाच कुंपणात दोघींची घरं, पुढे किनाऱ्याकडे नूतनचं, मागे शैलजाचं. शैलजाचा नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती सुक्या मासळीचा धंदा करायची. परसात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली जाळ्यांची शेड होती, उंच, मोकळी आणि हाडं खिळखिळी झालेली. यंत्रानं त्या शेडवर बोट ठेवलं. शेजारपाजारचे येता-जाता बोलू लागले. शेवटी नूतननंच चार माणसं बरोबर नेऊन जाऊबाईची समजूत घातली आणि शेड उतरवून घेतली. शैलजा ओट्यावर उभी राहून बघत होती. शेवटचा वासा खाली आला तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"माझ्या घोवान बांधलेली शेड. वाऱ्यान नेली असती तर माका सोसला असता. तू नेलंस."

त्या दिवसापासून एका कुंपणातल्या दोन घरांत बोलणं बंद झालं. नूतनला त्याचं फार वाईट वाटलं. सकाळी विहिरीवर दोघी समोरासमोर येत. शैलजा कळशी भरून निघून जाई, आणि नूतन उगाचच दोर गुंडाळत बसे.

भांडणं फार वाढली तेव्हा देवळात बैठक बसली आणि आबांनी तोडगा काढला. अंक कुणालाही दाखवायचे नाहीत, पडदा बंद. वादळ येणार असं कळलं की कुठल्या घरापासून काम सुरू करायचं तो क्रम संस्थेनं फक्त नूतनला तोंडी सांगावा, आणि नूतननं माणसं घेऊन त्या क्रमानं जावं. सगळ्यांना ते पटलं. नूतनवर विश्वास होता म्हणून पटलं, आणि दुसऱ्याचा अंक कळणार नसला तरी आपलाही कळणार नाही, म्हणून जरा जास्तच पटलं.

काम करायची पद्धत मात्र जुनीच होती. मोरवेळमध्ये मोठं काम सावडीनं होतं. आज सगळ्यांनी मिळून एकाचं करायचं, उद्या दुसऱ्याचं, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. भातलावणी, छपराची कौलं परतणं, होडी पाण्यात लोटणं, सगळं असंच. सावडीचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना तोंडपाठ होते. त्यातला पहिला म्हणजे, सावड जो बोलावतो त्याचं घर शेवटी. जो लोकांना हाक मारतो त्यानं आधी आपलंच काम करून घेणं म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. दुसरा, सावड चालू असताना आपल्या घराला आपण वेगळा हात लावायचा नाही, तो बाकीच्यांचा अपमान.

दिवाळीच्या आधी समुद्रात वादळ तयार झालं. वाडेकरांचा फोन आला तेव्हा नूतन पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती.

"गुरुवारी संध्याकाळी किनाऱ्याला लागेल," ते म्हणाले. "तुमच्या हातात चार दिवस आहेत. सगळ्या छपरांना जादा हूक, कौलांवर जाळी, सुटे पत्रे उतरवून जमिनीवर दाबून ठेवायचे, माडांच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ काढायचे. क्रम सांगू?"

"सांगा."

"पहिलं तुमचं."

नूतनच्या हातातली चादर तशीच राहिली. "माझं?"

"गच्चीवरची निळ्या पत्र्यांची शेड. जाऊबाईंची शेड होती तोवर त्या पहिल्या होत्या. ती निघाली, आता तुमचा नंबर. किनाऱ्याकडचं सगळ्यात उंच छप्पर तुमचं आहे, नूतनताई. ते सुटलं तर मागची आठ-दहा घरं ओळीनं जातात."

पाहुण्यांना जेवायला बसता यावं म्हणून सतीशनं गच्चीवर ती शेड घातली होती. लांबलचक पत्रे, खाली रंगीत दिवे. मोरवेळमध्ये निळे पत्रे दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

"क्रम थोडा बदलला तर?" तिनं विचारलं.

"सगळी घरं पुरी झाली तर क्रमानं काहीच फरक पडत नाही. क्रम कशासाठी? वेळ अपुरा पडला तर म्हणून."

"मग पडणार नाही. चार दिवस आहेत की."

"आहेत," वाडेकर म्हणाले. "पण तुम्ही पहिलं तुमचंच करा."

तिनं हो म्हटलं. फोन ठेवला आणि चादर दोरीवर टाकली. मग तिच्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. उद्या ती देवळासमोर उभी राहून म्हणणार, चला, आधी माझ्या घरी. लोक एकमेकांकडे बघणार. यंत्र हिच्या हातात, क्रम हिच्या हातात, आणि पहिलं घर हिचंच. कुणी म्हणणार, बाईनं सोय बघितली. आणि कुणी हुशार असला तर त्याच्या लक्षात येणार की पहिलं घर म्हणजे सगळ्यात मोठा उपद्रव. मग शैलजाताईची शेड उतरवायला गेलेल्या नूतनचं तोंड बघण्यासारखं होणार. सावडीचा नियम मात्र तिला वाट काढून देत होता. स्वतःचं घर शेवटी ठेवलं तर कुणी काही विचारणार नव्हतं, उलट चांगलंच म्हणणार होते. मोठेपणाच्या पदराखाली लाज झाकता येत होती.

पहिलं घर कुणाचं सांगायचं, हेही तिला लगेच सुचलं. ते सुचल्यावर तिला बरं वाटलं, इतकं बरं की आपण काही चुकीचं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं शिड्या, दोर आणि जुनी मासेमारीची जाळी घेऊन शैलजाच्या अंगणात उभी राहिली. शैलजा दारात आली. तिनं नूतनकडे बघितलं.

"पयला माझा कित्याक?"

"कोणाचा तरी पयला आसतलाच, ताई."

शैलजा आत गेली. कौलांवर जाळी पसरली गेली, चारी कोपऱ्यांना दोर बांधून दगड लोंबकळवले, वाशांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या. काम इतकं मनापासून झालं की माणसं खाली उतरून स्वतःच कौतुकानं बघत राहिली. निघता निघता शैलजा पुन्हा दारात आली.

"चाय ठेवलंय. पिऊन जावा." मग जरा थांबून, "तू पण."

नूतनला रडूच आलं. तिनं ते चहाच्या वाफेवर घातलं. कप परत देताना ती म्हणाली, "आता तुमच्या घराक कायएक भय नाय, ताई."

सावड जोरात चालली. वाडीतलं एकेक घर जाळ्याखाली जात होतं. घरी आल्यावर सतीशनं विचारलं, "आपला कधी?"

"शेवटाक. रिवाज तसोच आसा."

"बरा," सतीश म्हणाला. त्याला यंत्राचा क्रम माहीत नव्हता. माहीत असता तर तो एकटा गच्चीवर चढला असता, हे नूतनला ठाऊक होतं. म्हणून तिनं त्यालाही सांगितलं नाही.

समुद्राचं पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा ऊन होतं. कोमट पाण्यावरून जाणारं वादळ वाफ पिऊन पिऊन फुगतं आणि कधी कधी चालही वाढवतं, हे वाडेकरांना माहीत होतं. किती वाढवेल हे सांगणं त्यांच्या संगणकालाही नीट जमत नव्हतं. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"गुरुवार विसरा. आज दुपारी येतंय. तुमची शेड उतरवली ना?"

नूतन गच्चीच्या पायऱ्यांशी उभी होती. वारा इतका होता की दोन्ही हातांनी कठडा धरावा लागत होता. वाडीतली सगळी घरं झाली होती. एक राहिलं होतं.

"नूतनताई?"

"उतरवते," ती म्हणाली, पण तोवर फोन तुटला होता.

सतीश आणि आणखी दोघंजण शिडी घेऊन आले. पहिला गडी वर चढला. वाऱ्याच्या झोतानं शिडीसकट तो भिंतीवर आदळला. सतीशनं त्याला खाली ओढलं आणि शिडी आडवी केली. लांब पत्रा वाऱ्यात मोकळा करणं म्हणजे तलवार हातात घेऊन डोळे मिटून नाचणं. ते कुणालाच सांगावं लागलं नाही. सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीकडे पळाले.

शाळेच्या खिडकीतून नूतनला तिचं घर दिसत होतं. दुपारी शेडच्या एका कोपऱ्यातला पत्रा उचलला आणि फडफडायला लागला, कुणी हात हलवून बोलावत असावं तसा. फार वेळ फडफडला. मग सुटला. त्याच्यामागे दुसरा, मग एकदम चार. ते निळे पत्रे पावसातून मागच्या बाजूला गेले आणि दिसेनासे झाले. नूतननं वर्गातली डोकी मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजली. शैलजा नव्हती.

"ताई खय?" ती ओरडली.

आणायला गेलेल्या माणसानं मान खाली घातली. "मी गेल्लंय बोलावूक. येवक तयार नाय. म्हणाली, नूतन सांगान गेली, माझ्या घराक कायएक भय नाय."

वादळ ओसरल्यावर शैलजा तिच्या माजघरात सापडली. जाळं जागच्या जागी होतं, पट्ट्या जागच्या जागी होत्या, आणि मधोमध छपरातून निळा पत्रा आत आला होता. तिनं तोंडावर धरलेला डावा हात कोपराखाली कापला गेला होता. जीव वाचला. जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी जमेल तेवढं शिवलं आणि सांगितलं की हात राहील, पण मूठ वळणार नाही. सुकट निवडायची, कोयती धरायची, बोंबील दोरीवर अडकवायचे, यातलं काहीच आता एका हातानं होणार नव्हतं.

शैलजाच्या मागची सात घरंही उघडली होती, एका रेषेत, वाडेकरांनी सांगितलं होतं तशीच. बाकीची वाडी मात्र जाळ्यांखाली धडधाकट उभी होती. आसपासच्या गावांत अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, त्यामानानं मोरवेळचं नुकसान किरकोळ. वर्तमानपत्रांत फोटो आले. आणि नूतनबद्दल लोक काय बोलत होते? बाईनं सगळ्यांची घरं सावरली आणि स्वतःचं तसंच राहू दिलं. शेड गेली, पण रिवाज मोडला नाही. दुकानात, देवळात, जेट्टीवर हेच. नूतन हे ऐकायची आणि घरी येऊन भाताच्या पहिल्या घासाला उठायची.

काही दिवसांनी वाडेकरांचा फोन आला.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "यंत्राच्या नोंदीत तुमचं घर पहिलं झालं असंच आहे. तुम्ही हो म्हणाला होता. पहिलं सावरलेलं घरच पहिलं सुटलं, असा त्याचा अर्थ होतो. यंत्र यातून शिकतं. ते आता असं शिकेल की अशा शेडीचे पत्रे उतरवून दाबून ठेवले तरी उपयोग नसतो. पुढच्या वादळात किनाऱ्यावरच्या दीडशे गावांना ते हेच सांगेल. मला फक्त खरं काय झालं ते हवंय. बाहेर कुणाला कळणार नाही."

नूतननं त्यांना खरं सांगितलं. 

"ठीक आहे, दुरुस्त करतो," एवढंच ते म्हणाले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

यंत्र दुरुस्त झालं. वाडी राहिली होती. आबांनी देवळात सत्कार ठेवला होता, शाल, नारळ आणि एक ठराव. ठराव असा की, इथून पुढे वादळाच्या प्रत्येक सावडीत प्रमुखाचं घर शेवटीच घ्यायचं, आणि नूतन कुबल यांचा आदर्श शाळेतल्या मुलांना सांगायचा.

सभामंडप भरला होता. शैलजा मागच्या खांबाला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. आबांनी शाल उलगडली. नूतन उठली आणि शाल घेण्याऐवजी लोकांकडे वळली. आता गप्प राहिलं तर पुढचं वादळ येईल तेव्हा कुणाचं तरी घर असंच शेवटी राहील, आणि आणखी कुणाचा तरी हात जाईल, हे तिला दिसत होतं. बोललं तर या वाडीत मान वर करून चालता येणार नाही, हेही दिसत होतं.

"यंत्रान पयला घर माझा सांगितलेला," ती म्हणाली. "मी लपवलंय. रिवाजासाठी नाय. माझो उपद्रव सगळ्यांत मोठो, ता तुमका कळात म्हणान. माका लाज वाटली. ताईंचा घर पयला मी घेतलंय, यंत्रान नाय."

पावसाळा संपून गेला होता, तरी मंडपात दमट वास होता. आबा शाल हातात धरून उभे होते, तिची घडी घालावी की तशीच ठेवावी ते त्यांना कळेना.

"ह्या तू सांगूक नको होता," शेवटी ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुरकुर होती. चांगल्या गोष्टीची अशी नासाडी त्यांना बघवत नव्हती.

मागून शैलजाचा आवाज आला. ती उठली नाही, बसल्या जागेवरून बोलली.

"तेव्हा तुझी हाक इली असती, चला आधी माझ्या घराक, तर मी इलंय असतंय काय?" तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी नाय. आणि तुमच्यातला कोण इला असता? सांगा बघू."

शैलजा उठली आणि चपला पायात सारून घरी गेली. जाताना तिनं नूतनकडे बघितलंसुद्धा नाही.

शाल घडी होऊन पेटीत गेली. नारळ देवापुढे ठेवला. ठराव मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी दुसरा झाला, की यापुढे क्रम सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचा. समितीचं प्रमुखपद दुसऱ्या कुणाला द्यावं असं बहुतेकांच्या मनात होतं, पण ते घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून नूतनच राहिली. लोक तिच्याशी बोलत होते, कामापुरतं. विहिरीवर आता ती कळशी भरायची आणि निघून जायची. शैलजाकडे रोज सकाळी तिची सुकट निवडून द्यायला ती जायची. शैलजा नको म्हणत नसे आणि बसही म्हणत नसे.

मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा वादळ येणार असं कळलं. या वेळी वाडेकरांनी फोनवरून सभामंडपातच क्रम सांगितला, आवाज मोठा करून. निळी शेड गेली होती, पण घर तिथंच होतं, उंच, किनाऱ्याला तोंड करून.

"पहिलं नूतन कुबल यांचं."

लोक शिड्या आणि जाळी घेऊन तिच्या अंगणापर्यंत आले. तिथं आल्यावर सगळे थांबले. कुणी बिडी पेटवली, कुणी दोराची गाठ तपासत बसला. कुणाला नकार द्यायचा नव्हता, पण पहिलं पाऊल टाकायची कुणाची तयारी दिसेना. सावड बोलावणाऱ्या बाईच्या घरी आधी काम करायचं, याला पायच उचलत नव्हते. ढग खाली येत होते. नूतननं भिंतीला शिडी लावली, आणि तिनं काही म्हणायच्या आत मागच्या घराचं फाटक वाजलं.

शैलजा सरळ आली. माणसांच्या मधून वाट काढत शिडीशी पोचली आणि उजव्या हातानं शिडीचा एक पाय घट्ट धरला.

"चढ," ती म्हणाली. "शिडी धरतंय मी."

"ताई..."

"तुझ्यार इश्वास बसलो म्हणान नाय. तुझो पत्रो एकदा आंगावर घेतलंय, म्हणान. चढ."

नूतननं पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी एका बाजूनं डुगडुगत होती, कारण धरणारा हात एकच होता. ती चढत गेली.